माणसं वाढली, म्हणून प्राणी संपले?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं" आणि "हं" काढून टाकलेत.

आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरल्याचा व्हिडिओ येतो आणि त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, "माणसंच इतकी वाढलीत, प्राणी बिचारे जाणार कुठे?" त्याला हजारभर लाइक पडतात. सगळे मान डोलावतात आणि पुढचा व्हिडिओ लावतात.

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खरी गंमत आहे. म्हणून आज तीन प्राण्यांच्या गोष्टी सांगतो. तिन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या, साधारण त्याच चाळीस-पन्नास वर्षांतल्या. माणसांची वाढ तिन्ही ठिकाणी झाली, पण तिघांच्या वाट्याला आलं ते अगदी वेगवेगळं.

आधी आकडे बघून घेऊ, म्हणजे मी आकड्यांपासून पळतोय असं वाटायला नको.

१९५१ च्या जनगणनेत भारतात ३६ कोटी लोक होते. २०११ मध्ये १२१ कोटी. २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आला. महाराष्ट्र १९६१ मध्ये सुमारे ४ कोटींचा होता, २०११ मध्ये ११ कोटी २४ लाखांचा. म्हणजे सरासरी काढली तर दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं. त्यात सह्याद्रीचे कडेही आले, धरणंही आली आणि मेळघाटही आला.

आणखी एक आकडा सांगतो. २०१८ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जगातल्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वजनाचा अंदाज मांडला. एका मोठ्या तराजूत सगळे घाला. त्यात सुमारे ३६ टक्के वजन माणसांचं भरतं. ६० टक्के आपल्या पाळीव जनावरांचं, म्हणजे गाई, म्हशी, डुकरं, मेंढ्या वगैरे. आणि उरलेल्या ४ टक्क्यांत हत्ती, देवमासे, वाघ, हरणं, उंदीर, वटवाघळं, सगळं रान.

तेव्हा संख्येला अर्थ आहेच. पण ती काम कशी करते, कुठल्या दारातून आत येते, ते बघू.

पहिला प्राणी, माळढोक.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आणि बहुतेकांनी पाहिलेला नसणारच. उभा राहिला तर जवळजवळ एक मीटर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी याचं नाव सुचवलं होतं. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला.

माळढोकाला जंगल लागत नाही, त्याला माळ लागतो. खुरटं गवत, मोकळं आभाळ, लांबवर नजर जाईल अशी जमीन. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सोलापूरजवळचं नान्नज हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर क्षेत्र किती, तर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर!

आता गंमत बघा. एवढ्या क्षेत्रात गावं होती, शहरं होती, शेतं होती, बाजार होते. लोक तिथे आधीपासून राहत होते आणि माळढोकही राहत होता. धनगरांच्या मेंढ्या आणि माळढोक एकाच माळावर चरत होते. शेतकरी पावसाच्या भरवशावर ज्वारी घ्यायचा, माळढोक त्यातले किडे, नाकतोडे टिपायचा. माणूस होता म्हणून पक्षी नव्हता, असं नव्हतं.

मग काय बदललं? पाणी आलं. १९८० च्या सुमारास भीमेवर उजनी धरण उभं राहिलं, कालवे निघाले, बोअर खोदले गेले. ज्या जमिनीत ज्वारी-बाजरी व्हायची तिथे ऊस उभा राहिला, द्राक्षाच्या बागा झाल्या. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याने पाणी आल्यावर ऊस लावला, तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? तुमच्या-माझ्या आजोबांनी तेच केलं असतं, अनेकांनी केलंही. पण दोन माणूस उंचीच्या उसात माळढोक राहू शकत नाही.

जे माळ शेतीखाली गेले नाहीत, त्यांच्या नशिबी दुसरंच काही आलं. सरकारी कागदावर माळाला "पडीक जमीन" म्हणतात. पडीक म्हटलं की हात शिवशिवतात आणि चला, झाडं लावू या! गिरिपुष्प, सुबाबूळ असली झाडं मोकळ्या माळांवर लावली गेली. झाडं लावणं चांगलंच असतं, हे आपल्याला शाळेपासून शिकवलंय. पण गवताळ माळावर झाडी उभी केली की माळढोकासाठी तो माळ संपला. काळवीट आणि लांडगाही अशाच मोकळ्या रानातले.

त्यात भर विजेच्या तारांची. माळढोक जड, त्याला हवेत पटकन वळता येत नाही. डोळे डोक्याच्या बाजूला असल्यामुळे समोरचं कमी दिसतं. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प आहेत आणि त्यांच्या तारा आहेत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्ष्याच्या भागातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली न्यायला सांगितल्या. २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण प्रदूषण न करणारी वीजही देशाला हवीच आहे. अवघड पेच आहे हा. आणि नान्नजला? तिथे आता एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

अभयारण्याचं काय झालं, तेही ऐका. एवढ्या मोठ्या क्षेत्रात जमिनीच्या खरेदी-विक्रीवर, बांधकामावर बंधनं आली. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी जमिनीचा तुकडा विकायचा, तर तो अडकून पडायचा. लोक वैतागले आणि राग निघाला पक्ष्यावर. शेवटी २०१२ मध्ये क्षेत्र घटवून सुमारे १,२२० चौरस किलोमीटर केलं. तोवर पक्षी जवळजवळ गेलाच होता.

आता दुसरा प्राणी, बिबट्या. याची गोष्ट बरोब्बर उलटी आहे.

पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका. कुकडी प्रकल्पाची धरणं म्हणजे माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी आलं, ऊस आला. म्हणजे सोलापुरात जे झालं तेच. पण ज्या उसाने माळढोकाला हाकललं, त्याच उसाने बिबट्याला घर दिलं.

का? कारण बिबट्याला लागतं काय? लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला काहीतरी. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. आत दाट सावली आणि गारवा, आणि आत कुणी फिरकत नाही. बाजूला पाटाचं पाणी. गावात कुत्री, शेळ्या, वासरं, उकिरड्यावर डुकरं. मादी तिथेच पिल्लं घालते, पिल्लं तिथेच वाढतात. त्यातल्या कित्येक बिबट्यांनी खरं जंगल पाहिलेलंही नसतं. तेव्हा "आपण त्यांच्या घरात घुसलो" हे वाक्य इथे लागूच पडत नाही. हा ऊस आपणच लावलाय आणि बिबट्या त्यात जन्मलाय.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं, आसपास म्हणावं असं जंगल नाही, आणि तरीही दर १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे. वर जवळपास तितकेच तरस. बिबट्यांच्या खाण्यात काय सापडलं? वजनाने मोजलं तर ८७ टक्के पाळीव प्राणी. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के.

म्हणजे इथे माणसं वाढली, शेती वाढली, आणि बिबट्यांचंही बस्तान बसलं. व्हिडिओखालच्या त्या वाक्याचं आता काय करायचं?

पण हे "सुखाने नांदले" छापाचं प्रकरण नाही. माणसं मारली गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ज्या घरातलं मूल जातं त्या घरासमोर उभं राहून सहजीवनावर प्रवचन देता येत नाही.

आणि इथे एक धडा आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात शंभराच्या आसपास बिबटे पकडले आणि त्यातले बरेचसे लांब जंगलात नेऊन सोडले. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही का? प्राणी जंगलातला, सोडा जंगलात. पण नंतर अभ्यासात आढळलं की हा कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते १७ पर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात बिथरलेला प्राणी परतीच्या वाटेला लागतो आणि वाटेत त्याला माणसं भेटतात. इकडे रिकाम्या जागेत नवा तरणा बिबट्या येतो, ज्याला गावाची सवय नसते. म्हणजे प्राण्यांची आणि माणसांची संख्या तीच, पण एका निर्णयाने धोका वाढला.

हा धोका कोणाच्या वाट्याला येतो तेही बघा. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. राहायला फडाजवळ पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. दार नाही, दिवा नाही, संडास नाही. आईबाप पहाटे फडात जातात, लेकरं कोपीपाशी. त्याच हंगामात ऊस कापला जातो आणि बिबट्याची लपायची जागा रोज कमी होत जाते. गावातला शेतकरी रात्री पिकाला पाणी द्यायला जातो, कारण मोटारीला तीन फेजची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. "दिवसा वीज द्या" ही बिबट्याच्या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. मला तरी ही वन्यजीव संरक्षणाची मागणी वाटते. कोपीला दार, संडास, कुडाभोवती दिवा आणि पंपाला दिवसा वीज मिळाली, तर माणसं वाचतील. आणि माणसं वाचली की बिबट्याही वाचेल, कारण संतापलेलं गाव कुठल्याच प्राण्याला सोडत नाही.

तिसरा प्राणी, गिधाड.

तुमच्या आई-बाबांना विचारा. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळात ठिपके दिसायचे आणि काही वेळात सांगाडा उरायचा. १९८० च्या दशकात भारतात काही कोटी गिधाडं होती असा अंदाज आहे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं एक उरलं. हो, ९९.९ टक्के घट. मुंबईत पारशी समाजाची दोखम्यातली अंत्यसंस्काराची शतकांची पद्धत त्यामुळे अडचणीत आली आणि तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

त्या पंधरा वर्षांत माणसं वाढली का? वाढली. पण गिधाडांना कुणी मारलं नव्हतं. त्यांना राहायला कडे होते, कोकणात नारळाची झाडं होती, खायला मढी होती. मग मेली कशाने? २००४ मध्ये उत्तर सापडलं, डायक्लोफिनॅक. सांधेदुखीवर आपण घेतो तेच दुखण्याचं औषध. १९९० च्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. बैल लंगडतोय, गाईचा सड सुजलाय, द्या सुई. जनावर काही दिवसांत मेलं तर औषध अंगात राहतं. गिधाडाने ते मांस खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. गिधाडं कळपाने जेवतात, त्यामुळे शंभर मढ्यांतलं एकही औषधी नसलं, दोनशेतलं एखादं असलं, तरी एवढी पडझड व्हायला ते पुरेसं होतं. मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे भरपाई होत नाही.

मग मढी कुजत पडली, कुत्री वाढली, पाणी खराब झालं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं दगावली. पक्षी गेला आणि त्याच्या मागोमाग माणसं गेली.

आता उपाय काय झाला? २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरची केली. २०२३ मध्ये गिधाडांना घातक ठरलेली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध मिळतंच. जनावराचं दुखणंही थांबतं आणि गिधाडही जगतं. पडझड बऱ्याच अंशी थांबली. जुने दिवस परत आलेले नाहीत, पण रायगडात आणि सह्याद्रीच्या कड्यांवर अजून काही जोड्या घरटी करतात.

लक्षात घ्या, या उपायासाठी देशातलं एकही माणूस कमी करावं लागलं नाही. बाटली बदलावी लागली.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. माळढोकाचा माळ गेला. बिबट्याला आपणच घर बांधून दिलं आणि मग दोघांचेही हाल झाले. गिधाडाची जागा, अन्न, सगळं शाबूत होतं, एका औषधाने घात केला. माणसं तिन्ही ठिकाणी वाढत होती. प्राण्यापर्यंत जे पोचलं ते मात्र कालवा, पीक, तार, पिंजरा आणि सुई यांच्या वाटेने. आणि या प्रत्येक वाटेवर कुणीतरी काहीतरी ठरवलेलं होतं.

म्हणून "लोकसंख्या वाढली" एवढंच म्हणून थांबण्यावर माझा आक्षेप आहे. त्या वाक्यात कुणीच काही केलेलं नसतं. पावसासारखं ते नुसतं होतं, आणि मग कुणाला जाब विचारायचा प्रश्नच येत नाही. शिवाय ते म्हणणारा स्वतःला कधी त्या गर्दीत मोजत नाही. वाढलेली माणसं म्हणजे नेहमी दुसरीच. झोपडपट्टीतली, दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या धर्मातली. फडातल्या कोपीतलं कुटुंब दिसतं, पण आपल्या चहातली साखर त्याच फडातून आली हे दिसत नाही.

आणि संख्येचं म्हणाल तर ती लढाई आपण बरीचशी जिंकलोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ मध्ये १.७. देशाची सरासरी २. लोकसंख्या जैसे थे राहायला २.१ लागतात. तरुण पिढी मोठी आहे म्हणून एकूण आकडा अजून काही वर्षं वाढेल, पण वेग ओसरलाय. मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, बाळं जगू लागली, तशी कुटुंबं लहान झाली. महाराष्ट्रात हे घडलं, याचा आनंद मानायला हवा.

पण मुलं कमी झाली म्हणून उसाचं क्षेत्र कमी झालं का? रस्ते, तारा, प्लॉटिंग, फार्महाउस, एसी? चौघांच्या घरात आता दोन गाड्या आहेत. पुढच्या तीस वर्षांत निसर्गावर जो भार पडेल, तो डोकी किती यापेक्षा प्रत्येक डोक्यामागे काय काय लागतं यावर जास्त ठरेल. आणि ते ठरवणारी पिढी तुमची आहे.

मग करायचं काय? मोठी प्रतिज्ञा नको. तीन साध्या गोष्टी सांगतो.

घरी जनावरं असतील किंवा गावाकडे असतील, तर डॉक्टर सुई देताना औषधाचं नाव विचारा. मेलॉक्सिकॅम चालेल का, असं विचारायला पैसे पडत नाहीत.

कॉलेजचं वृक्षारोपण निघालं आणि खड्डे उघड्या माळावर खणायचे असतील, तर थांबा आणि विचारा, "इथे आधी काय होतं?" उत्तर "काहीच नव्हतं, नुसतं गवत होतं" असं आलं, तर तिथे झाडं लावू नका. गवत म्हणजे काहीच नसणं नव्हे.

आणि बिबट्याचा व्हिडिओ आला तर लगेच पुढे ढकलू नका. तो कुठला, कधीचा, तिथे काय पिकतं, कचरा कुठे पडतो, रात्री वीज असते का, एवढं स्वतःला विचारा. प्रत्यक्ष दिसला तर गर्दी करू नका, मागे धावू नका, मोबाइल काढून घेरू नका आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. घेरलेला बिबट्या अंगावर येऊ शकतो.

माळढोकाला परत आणणं आपल्यापैकी कुणाच्या हातात असेलच असं नाही. पण पुढचा माळढोक कोण असेल, हे अजून ठरायचंय. माळावर लांडगे अजून आहेत. तुमच्या तालुक्यात असतील, तर मला कळवा. पुढचा भाग त्यांच्यावर करायचा विचार आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.